उरलेल्या जागेतला मजकूर

पेंटरने ब्रश खाली ठेवून बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्याला पेंटरच म्हणतात. दुकानात आता एक संगणक आहे, पत्रकं छापायचं मशीन आहे आणि फ्लेक्सचं मशीन आहे. रंगाचा एकच डबा उरलाय, त्यात पेनं ठेवलेली असतात. निवडणुकीचं काम मात्र तो अजून भिंत रंगवल्यासारखंच करत होता.

भिंतींच्या काळात उमेदवार भिंत दाखवून निघून जायचा. काय लिहायचं ते पेंटर ठरवायचा, आणि पेंटर ते भिंत बघून ठरवायचा. भिंत आखूड असली तर 'पाणी'. जरा लांब असली तर 'स्वच्छ पाणी'. गोदामाची अख्खी भिंत मिळाली तर 'प्रत्येक घराला चोवीस तास स्वच्छ पाणी'. मध्येच खिडकी आली तर चोवीस तास खिडकीच्या अलीकडे आणि पाणी पलीकडे. कुणी कधी तक्रार केली नाही.

संगणक आला तेव्हा भिंतीच्या जागी कागद आला, एवढाच फरक पडला. उमेदवार यायचा, फोटो द्यायचा, फोटोतले केस जरा काळे करायला सांगायचा. वर कोणत्या नेत्याचा चेहरा कोणाच्या शेजारी आणि केवढा, यावर तासभर खल करायचा. मजकुराचं विचारलं की हात झटकून म्हणायचा, "नेहमीचं टाका."

पेंटर नेहमीचं टाकायचा. एकाला आधी पाणी, मग रस्ते. विरोधकाला आधी रस्ते, मग पाणी. तिसरा कुणी उभा राहिला तर त्याची सुरुवात दिवाबत्तीपासून. एवढी काळजी पुरेशी होती, कारण वाचत कुणीच नव्हतं. उमेदवार फोटो बघायचे, लोक चिन्ह बघायचे आणि शाळेतली पोरं पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवायची.

यंदा वाचणारे निघाले, आणि त्यांची पुढारी पेंटरच्याच घरात राहत होती.

पेंटरची लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि यंदा तिचं पहिलं मत होतं. झेरॉक्सच्या दुकानाच्या पायऱ्यांवर तिच्या टोळीचा अड्डा होता. गेल्या वर्षीपर्यंत तिथे मोबाइल आणि क्रिकेट यापलीकडे विषय गेला नव्हता. यंदा पायऱ्यांवर वॉर्डाचा नकाशा पसरलेला दिसू लागला. एकजण नगरपालिकेचा अर्थसंकल्प मोबाइलवर उघडून, मित्राचं प्रेमपत्र सापडल्यासारखा मोठ्याने वाचून दाखवायचा. एका मुलीने मतदार यादीत नाव नसलेल्या मुलाशी बोलणं सोडलं. तो बिचारा धावतपळत नाव नोंदवून आला, तोवर ती दुसऱ्याच एकाशी गटारांच्या उतारावर चर्चा करायला लागली होती. येणारेजाणारे ज्येष्ठ लोक आधी हसले, मग थबकून ऐकायला लागले, आणि शेवटी मुलांनी त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर त्यांनी रस्ता बदलला.

टोळीत एक उंच मुलगा होता. त्याला सगळे शंकासुर म्हणायचे. त्याचं म्हणणं एकच होतं.

"हे सगळे सारखेच. पत्रक म्हणजे काय, रद्दी. फक्त ताजी."

"तू वाचलंस कधी एखादं?" पेंटरच्या लेकीने विचारलं.

"रद्दी वाचतात का?"

"आधी वाच, मग फेक. पत्रक म्हणजे माणसाने लेखी दिलेला शब्द असतो. निवडून आल्यावर तो कागद त्याच्या नाकासमोर धरता येतो."

"बापाचं दुकान आहे म्हणून बोलतेस."

"दुकान आहे म्हणूनच मला माहीत आहे," ती म्हणाली. पायऱ्यांवरच्या सगळ्यांना ते पटलं. छापखान्यात वाढलेल्या मुलीला नाही कळणार तर कुणाला कळणार?

निवडणुकीत खरी लढत दोघांची होती. एक म्हणजे सर. शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्तीच्या आधीपासून नगरसेवक. समोर एकच माणूस असला तरी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या मुलाशी बोलल्यासारखं बोलायचे. दुसऱ्या डॉक्टरीणबाई, दातांच्या. पहिल्यांदाच उभ्या होत्या. अर्ध्या वॉर्डाने त्यांच्यापुढे आ वासलेला होता, पण मतं मागायला गेल्या की बोलायची पाळी त्यांची यायची आणि तिथे त्या अडखळायच्या.

दोघांची पत्रकं पेंटरकडेच आली. दोघंही म्हणाले, नेहमीचं टाका.

सरांचं पत्रक संगणकावर आधी लागलं. यंदा कुणीतरी सरांच्या डोक्यात भरवलं होतं की लहान फोटो आधुनिक दिसतो. फोटो लहान झाला आणि खाली एका ओळीची जागा उरली. पेंटरला कोरी जागा बघवत नाही. तो विचार करत बसला होता, तेवढ्यात वरून धप्प धप्प आवाज आला. दुकानाच्या वरच घर आहे. लेक जमिनीवर पाय आपटत होती.

"बाबा, बंद करा ना ते मशीन! माझी उद्या परीक्षा आहे! या गावात अभ्यास करायला एक शांत जागा नाही!"

पेंटरने मशीन बंद केलं नाही, पण खालची ओळ लिहून टाकली: 'मुलांसाठी शांत अभ्यासिका, उशिरापर्यंत उघडी.' अगदी मापात बसली. मग त्याने तीच फाइल डॉक्टरीणबाईंसाठी घेतली, रस्ते वर नेले, पाणी खाली आणलं, फोटो आणि चिन्ह बदललं. शेवटची ओळ नवी होती, त्यामुळे ती बदलायची असते हे त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. दोन्ही गठ्ठे पेपरवाल्याकडे एकदमच गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घराघरांत एकाच वर्तमानपत्रातून दोन्ही पत्रकं बाहेर पडली.

लेक एका हातात सर आणि दुसऱ्या हातात डॉक्टरीणबाई घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, बघ! दोघांनी! दोघांनी अभ्यासिका लिहिलीय!"

"कसली?" आईने विचारलं.

"शांत अभ्यासिका, उशिरापर्यंत उघडी. म्हणजे ऐकतात गं हे लोक! आम्ही पायऱ्यांवर बसून बोलतो ते पोचतं कुठेतरी. शंकासुराची बोलतीच बंद. फोन केला मी त्याला."

पेंटरच्या घशात चहा अडकला. बायकोने त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

"बाबा, तुम्ही छापताना वाचलं असेल ना? आम्हाला सांगायचं तरी!"

"छापताना... घाई असते गं."

"आता आम्ही दोघांना एकाच व्यासपीठावर बोलावणार. आधी कुणाला सुचलं, जागा कुठे, कधी सुरू करणार, सगळं विचारणार. ज्याची कल्पना असेल त्याला माझं मत. आणि टोळीतल्या सगळ्यांचं. शंकासुरसुद्धा म्हणाला, खरं निघालं तर मीपण देतो."

ती निघून गेली. बायकोने दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली आणि भाजी चिरायला घेतली.

"अहो, 'शांत' हा शब्द या घराबाहेर कुणाला सुचेल?"

"हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. ते तुमचं मशीन आहे मोठ्याने बोलणारं. सांगून टाका तिला."

"आता कसं सांगू? सगळ्या पोरांसमोर छातीठोकपणे सांगून बसलीय, पत्रक म्हणजे लेखी शब्द. पहिल्यांदा मत देणार आहे ती. तिला काय सांगू, बाळा, तो शब्द तुझ्या बापाने जागा भरायला टाकला? त्या उंच्याच्या हातात आयतं कोलीतच मिळेल."

"मग त्यालाही सांगा, त्याचं म्हणणं बरोबर आहे."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी अजून ठरवलं नाही," बायको म्हणाली. "दोघांची पत्रकं वाचतेय."

दुपारी सर दुकानात आले. रस्त्यावरच्या लोकांनीही ऐकलं.

"पेंटर! माझी कल्पना त्या दातवालीने उचलली!"

"कोणती, सर?"

"अभ्यासिका! किती वर्षं मी म्हणतोय!"

पेंटरने आठवून पाहिलं. सर अभ्यासिकेबद्दल कधी काही बोलल्याचं त्याला आठवेना. पण सरांच्या चेहऱ्यावर खोटं बोलणाऱ्याचा भाव मुळीच नव्हता. सकाळी कुणीतरी फोन करून अभिनंदन केलं, दुपारपर्यंत दहाजणांनी केलं, आणि एव्हाना सरांना आपण हे लहानपणापासून म्हणत आलोय असं मनापासून वाटत होतं.

"तुझी पोरगी सभा घेतेय म्हणे. चांगलं आहे. तरुणांनी पुढे यावं. आधी कुणी म्हटलं असं विचारणार आहे, तेव्हा तुला काय सांगायचं ते ठाऊक आहे. नगरपालिकेचे बोर्ड वर्षभर कुणामुळे तुझ्याकडे येतात?"

"तुमच्यामुळे, सर."

"शाब्बास."

डॉक्टरीणबाई संध्याकाळी दवाखाना बंद करून आल्या आणि दार ओढून घेतलं.

"पेंटर, हे अभ्यासिकेचं मी सांगितलं होतं का हो?"

"तुम्ही म्हणालात, नेहमीचं टाका."

"हे नेहमीचं आहे?"

"आता होईल."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. दाढ काढायच्या आधी त्या पेशंटकडे असंच बघतात. पेंटरने हात जोडले. "बाई, सभेपर्यंत काही बोलू नका. पोरीचं तोंड बघवणार नाही मला."

"आणि सभेत मला विचारलं तर?"

पेंटर डब्यातली पेनं सारखी करायला लागला.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. मुलांनी खुर्च्या लावल्या होत्या, माइक आणला होता, आणि कोणता उमेदवार कोणत्या बाजूला बसणार यासाठी नाणं उडवलं होतं. अशा सभांना एरवी आयोजक, उमेदवाराचे नातेवाईक आणि पंखा लागतो म्हणून आलेले दोघंतिघं असतात. आज मागे उभं राहायलाही जागा नव्हती. आईवडील मुलांना बघायला आले होते, आणि मुलं त्यांना 'मोबाइल बंद करा' म्हणून दटावत होती. पेंटर दाराशी, लवकर निसटता येईल अशा बेताने उभा होता. बायको मात्र तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

लेकीने माइक हातात घेतला. "दोन्ही पत्रकांत एक ओळ सारखी आहे. आमच्यासाठी लिहिलेली ही पहिलीच ओळ आहे, म्हणून आधी आभार. आता सर, ही कल्पना कुणाची?"

"माझी!" सरांना माइकची गरज नव्हती. "मैदानावर मुलं घाम गाळतात, तसं अभ्यासालाही मैदान पाहिजे, हे मी कायम म्हणत आलोय!"

"जागा कोणती?"

"जागा पाहिलेली आहे."

"कुठे?"

"योग्य वेळी सांगू."

"ही योग्य वेळ नाही का? निवडणुकीनंतर तुम्हाला वेळ नसतो." हॉल हसला. सरही हसले, पण रुमालाने मान पुसत.

"डॉक्टर, तुमचं काय म्हणणं? कल्पना कुणाची?"

डॉक्टरीणबाईंनी माइक घेतला, दाराकडे पाहिलं, आणि माइक दुसऱ्या हातात घेतला. "मला वाटतं," त्या म्हणाल्या, "कल्पना कुणाची यापेक्षा..."

"म्हणजे तुमची नाही?" शंकासुर मागून ओरडला.

"उठून, नाव सांगून विचार," लेकीने त्याला गप्प केलं. मग माइक परत घेऊन ती सभेकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर, अवघड गणिताची सोपी रीत सापडलेल्या विद्यार्थ्याचं समाधान होतं. "हे एका मिनिटात मिटेल. दोन्ही पत्रकं एकाच ठिकाणी छापली आहेत. छापणाऱ्याला पक्ष नसतो, हे मी लहानपणापासून बघतेय. बाबा, तुम्ही सांगा. अभ्यासिकेची ओळ आधी कुणाकडून आली?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. सर त्याच्याकडे बघून मान डोलावत होते, उडी मारायच्या आधी मुलाला धीर द्यावा तशी. सरांचं नाव घेतलं की बोर्डांचं काम सुरक्षित. बाईंचं घेतलं तर निदान एका भल्या बाईचं भलं. दोन्हीतलं काहीही बोललं तरी पोरीचा शब्द खाली पडणार नव्हता. तिला फक्त एक नाव हवं होतं. आणि ते ऐकून ती जाऊन, आयुष्यातलं पहिलं मत, त्या नावाला देऊन येणार होती.

तिथे पेंटर अडला. भिंतीवर काहीही लिहिणं वेगळं होतं. भिंतीने कधी त्याच्याकडे असं विश्वासाने बघितलं नव्हतं.

"कुणाकडूनच नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी टाकली. खाली जागा उरली होती."

हॉल फुटला. आईवडील हसले, पोरं हसली, पंख्यासाठी आलेले हसले. शंकासुर तर खुर्चीवरून खाली यायचा राहिला. "लेखी शब्द!" तो म्हणत होता. "अरे, लेखी शब्द!"

लेकीचे कान लाल झाले. माइक तिच्या हातात तसाच राहिला. ती बापाकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यापेक्षा तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं पेंटरला वाटलं. बायको उठायला निघाली. पण पोरीने माइक तोंडाशी नेला.

"हसून झालं?" तिचा आवाज चिरकला. तिने खाकरून तो सरळ केला. "हसून झालं असेल तर पुढचा प्रश्न. ओळ बाबांनी लिहिली. बाकीच्या ओळी कुणी लिहिल्या?"

हसणं थांबलं.

"सर, तुमच्या पत्रकात बारा वचनं आहेत. न बघता त्यातली पाच सांगा."

"पाणी!" सर म्हणाले. "रस्ते! आणि... पाणी सांगितलं मी?"

"सांगितलंत. डॉक्टर?"

"मी वाचलेलंच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या अडखळल्या नाहीत. "चूक झाली. कुणाकडे पेन आहे का?"

त्यांनी पत्रक मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर वाचलं आणि वाचता वाचता ओळी खोडायला सुरुवात केली. "हे नगरपालिकेच्या हातात नाही. याला पैसा नाही. हे काय आहे मला कळलंच नाही, पेंटर नंतर समजावतील. अभ्यासिका... शाळेची ही इमारत संध्याकाळी रिकामी असते. शाळेशी बोलावं लागेल. मी बोलेन. मिळेलच असं सांगत नाही." सगळं झाल्यावर त्यांच्या पत्रकावर फोटो, चिन्ह आणि चार ओळी उरल्या.

"आणि सर, तुम्ही काही खोडणार?" लेकीने विचारलं.

"एकही नाही! सगळं मान्य!" सर म्हणाले. टाळ्या पडल्या, पण त्या कोण वाजवतंय ते पोरं मागे वळून बघत होती.

घरी परत जाताना लेक आईबरोबर पुढे चालली आणि पेंटर मागून. नंतरचे काही दिवस घरात बोलणं आईमार्फत चाललं. "आई, त्यांना सांग, माझं पुस्तक त्यांच्या टेबलावर राहिलंय." "अगं, तिला सांग, घेऊन जा म्हणावं." आई दोघांच्या मध्ये बसून जेवायची. एकदा वैतागून म्हणाली, "मी काय टपाल खातं आहे? माझं स्वतःचं काही म्हणणं असेल ते कोण ऐकणार?"

पायऱ्यांवर शंकासुराने चार दिवस 'लेखी शब्द, लेखी शब्द' चालवलं. पाचव्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण तोवर टोळी घरोघर फिरत होती. प्रत्येक उमेदवाराला गाठून, पत्रकातल्या ओळीवर बोट ठेवून 'हे म्हणजे नेमकं काय हो?' असं विचारत होती. प्रश्न विचारायला सगळ्यात जास्त मजा शंकासुरालाच येत होती. उमेदवारांमध्ये घबराट पसरली. सगळे दुकानाकडे धावले. पेंटरच्या हयातीत प्रथमच, छापायच्या आधी मजकूर बघायला मागणारे लोक रांगेत उभे होते.

डॉक्टरीणबाईंचं नवं पत्रक लागत होतं. पेंटर संगणकासमोर हतबल बसला होता. "बाई, एवढं पांढरं ठेवून चालत नाही हो. लोकांना वाटेल, काहीतरी राहून गेलंय."

"मग तिथे काय टाकणार?"

पेंटरचा हात सवयीने पुढे गेला आणि थांबला.

"काही टाकायचं नाही," जिन्यातून आवाज आला. लेक खाली उतरून आली होती. ती बापाशी नव्हे, संगणकाशी बोलत होती. "पांढरंच राहू द्या. अक्षर जरा मोठं करा. गल्लीतल्या आजींना चष्म्याशिवाय दिसेल."

पेंटरने अक्षर मोठं केलं. "एवढं?" त्याने संगणकालाच विचारलं.

"अजून थोडं."

तेवढ्यात सर आले. बाकावर बसले, चष्मा लावला आणि आपलं पत्रक उघडलं. त्या टोळीने काल त्यांना घरी गाठलं होतं. गेल्या तीन निवडणुका जिंकलेला माणूस ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, स्वतःची वचनं वाचत होता. मध्येच ते थांबले. पुन्हा वाचलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा खालच्या आवाजात म्हणाले, "पेंटर, मी आठवडी बाजाराला छत घालणार आहे?"

"हो, सर."

"कधीपासून?"

"पहिल्या निवडणुकीपासून. तेव्हा बाजाराची भिंत मिळाली होती, लांब होती."

"मग मी घातलं का?"

डॉक्टरीणबाईंनी छताकडे पाहिलं. लेकीने ओठ घट्ट मिटून धरले होते, तरी हसू फुटलंच. आणि फुटल्यावर ते आवरेना, तेव्हा तिने टेकायला जी जवळची जागा होती तिथे, बापाच्या खांद्यावर, कपाळ टेकवलं.

"बाबा," ती हसता हसता म्हणाली, "सरांना पेन द्या."